मोबाइल चार्जिंगचा छोटा धंदा: गोंदिया जिल्ह्यात चालेल का, खर्च किती, कमाई किती?

बॅटरी ४ टक्के. घरी फोन करून "न्यायला ये" सांगायचं आहे, पण यात्रेतल्या गर्दीत प्लग कुठे शोधायचा? अशा वेळी समोर "येथे मोबाइल चार्ज करून मिळेल, २० रुपये" अशी पाटी दिसली, तर माणूस भाव करत बसत नाही. खिशातून वीसची नोट काढतो आणि फोन पुढे करतो.

नेमक्या याच क्षणावर एक छोटा धंदा उभा राहू शकतो. भांडवल कमी, मोठी जागा नको, माल खराब होण्याची भीती नाही. त्यामुळे नोकरी शोधणारी पोरं असोत की पानठेला, झेरॉक्सचं दुकान चालवणारे, अनेकांच्या डोक्यात हा विचार येऊन जातो. पण आज घरोघरी वीज आहे, रेल्वेच्या डब्यात प्लग आहेत आणि बऱ्याच जणांच्या खिशात पॉवर बँक आहे. मग पैसे देऊन फोन चार्ज करायला येणार कोण?

गोंदिया जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून या धंद्याचं गणित समजून घेऊया. पदरचे पैसे घालण्याआधी हिशेब कागदावर मांडलेला बरा.

एक फोन चार्ज करायला वीज लागते तरी किती?

सगळ्यात आधी हा गैरसमज दूर करायला हवा. अनेकांना वाटतं की दिवसाला पन्नास फोन चार्ज केले तर विजेचं बिल डोळे पांढरे करेल. प्रत्यक्षात तसं होत नाही.

सध्याच्या साध्या स्मार्टफोनची बॅटरी ५००० एमएएच असते. तिचा व्होल्टेज साधारण ३.८५ धरला तर त्यात सुमारे १९ वॅट-तास वीज मावते. चार्जर आणि फोन गरम होण्यात काही वीज वाया जाते. ती धरून एका फोनला शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत न्यायला २५ वॅट-तास पुरतात. एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजेच एका युनिटमध्ये ४० फोन पूर्ण चार्ज होतात.

दुकानाच्या जोडणीवर सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पडतात असं मानलं, तरी एका फोनमागे विजेचा खर्च येतो फक्त ३० पैसे!

गोंदियाकरांना एक गंमत पाहता येईल. तिरोड्याच्या अदानी औष्णिक वीज प्रकल्पाची क्षमता ३३०० मेगावॅट आहे. हा प्रकल्प पूर्ण क्षमतेने एक तास चालला तर ३३ लाख युनिट वीज तयार होते. वरच्या हिशेबाने त्यात १३ कोटींहून अधिक फोन चार्ज होतील. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती.

याचा अर्थ सरळ आहे. गिऱ्हाईक वीस रुपये विजेचे देत नाही. ते पैसे असतात योग्य जागेचे, योग्य वेळेचे आणि फोन सांभाळून ठेवण्याच्या विश्वासाचे. हे ज्याला कळलं त्याचा धंदा चालतो. नुसते प्लग लावून बसणाऱ्याचा चालत नाही.

हा धंदा आला कुठून आणि गेला कुठे?

गावात मोबाइल आधी आला आणि भरवशाची वीज नंतर, असा एक काळ देशाच्या मोठ्या भागाने पाहिला आहे. तेव्हा बाजाराच्या गावातला दुकानदार पाच-दहा रुपयांत फोन चार्ज करून द्यायचा. 'टेरी' या संस्थेने २००८ मध्ये 'लायटिंग अ बिलियन लाइव्ह्ज' ही मोहीम सुरू केली. त्यात गावातल्याच एखाद्या माणसाला सौर चार्जिंग केंद्र चालवायला दिलं जाई. तो सौर कंदील भाड्याने देई, काही ठिकाणी मोबाइलही चार्ज करून देई.

पुढे चित्र बदललं. २५ सप्टेंबर २०१७ ला घरोघरी वीज पोहोचवणारी सौभाग्य योजना जाहीर झाली. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधल्या लायसांग गावात वीज पोहोचली आणि देशातल्या सगळ्या गावांत वीज गेल्याचं केंद्र सरकारने सांगितलं. घरातच प्लग आल्यावर गावातलं रोजचं चार्जिंग दुकान मागे पडलं.

आफ्रिकेतलं एक उदाहरणही पाहण्यासारखं आहे. रवांडामध्ये हेन्री न्याकारुंडी या उद्योजकाने चाकांवरचा सौर ठेला तयार केला आणि तो स्थानिक लोकांना चालवायला दिला. सुरुवात फोन चार्जिंगने झाली. पुढे त्याच ठेल्यावर टॉकटाइम विक्री आणि वायफाय अशा सेवा जोडाव्या लागल्या.

चीनमध्ये २०१७ च्या सुमारास वेगळीच लाट आली. हॉटेल-दुकानांत यंत्रं बसवायची, गिऱ्हाइकाने त्यातून पॉवर बँक भाड्याने घ्यायची आणि दुसऱ्या ठिकाणी परत करायची. ज्या दुकानात यंत्र ठेवलं, त्याला कमाईतला वाटा.

दोन्हीकडून एकच धडा मिळतो. नुसतं चार्जिंग विकून पोट भरणं कठीण असतं, पण चालू धंद्याला ते जोडलं तर हाती काहीतरी उरतं.

गोंदियात गिऱ्हाईक नेमकं कुठे भेटेल?

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आठ तालुक्यांचा आहे. धानाची शेती, मोठं जंगल, हावडा-मुंबई मार्गावरचं मोठं रेल्वे जंक्शन आणि झाडीपट्टीचा उत्सवी हंगाम ही त्याची ओळख. चार्जिंगची मागणीही यातूनच येते.

मंडई आणि नाटकांचा हंगाम: दिवाळीनंतर, भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई, पाहुणे गावात येतात. दिवसा दुकानं आणि दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. दिवसभर फोटो, व्हिडिओ, मग रात्री परतीच्या वाटेवर टॉर्च. फोन टिकणार तरी किती?

कचारगडची यात्रा: सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळ कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा राज्यांतूनही भाविक येतात आणि मुक्काम करतात. जंगल भाग असल्यामुळे नेटवर्क कमजोर. इथे एक तांत्रिक बाब लक्षात घ्यायला हवी. सिग्नल अशक्त असला की फोन टॉवर शोधत राहतो आणि जास्त ताकद लावून सिग्नल पाठवतो. त्यामुळे बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरते. गर्दी, मुक्काम आणि कमजोर नेटवर्क, या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे चार्जिंगला सर्वाधिक मागणी असते.

प्रतापगडची महाशिवरात्र: हा साताऱ्याचा नव्हे, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला प्रतापगड. शंकराचं स्थान आणि दर्गा दोन्ही असल्याने इथे दोन्ही समाजांचे लोक येतात.

दवाखाना: गोंदिया शहरातल्या शासकीय रुग्णालयांत लांबच्या तालुक्यांतून रुग्ण येतात. सोबतचे नातेवाईक दोन-तीन दिवस बाहेर बसून असतात. वॉर्डातले प्लग यंत्रांसाठी असतात. दवाखान्यासमोरच्या चहाच्या ठेल्यावर किंवा औषध दुकानाजवळ चार्जिंगची सोय असेल तर तिचा खरोखर उपयोग होतो. इथलं गिऱ्हाईक अडचणीतलं असतं, म्हणून दर १० रुपयांच्या वर नेऊ नये. लोक ते लक्षात ठेवतात.

धान खरेदी केंद्र: पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर हंगामात शेतकऱ्यांना धान मोजून होईपर्यंत थांबावं लागतं. ओटीपी, बँकेचे मेसेज, ट्रॅक्टरवाल्याला फोन, सगळं मोबाइलवरच. मात्र ही मागणी काही आठवड्यांपुरतीच.

वादळी पाऊस: मे-जूनमध्ये वारा सुटला, झाड तारांवर पडलं आणि लाईन गेली की एखाद्या गावात दिवस-दोन दिवस अंधार राहतो. अशा वेळी ज्याच्याकडे चार्ज केलेली बॅटरी आहे, त्याच्या दारात गाव येतं.

कुठे हा धंदा चालणार नाही?

हेही तितकंच महत्त्वाचं आहे. रेल्वे स्थानकात आणि डब्यांत फुकट प्लग असतात. सुरक्षेसाठी डब्यांतले प्लग रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवण्याचा नियम आहे, पण तेवढ्यावर दुकान उभं राहत नाही. शिवाय स्थानकाच्या हद्दीत रेल्वेच्या परवानगीशिवाय धंदा करता येत नाही.

नागझिरा-नवेगावच्या सफारी गेटवर येणाऱ्या पर्यटकाच्या गाडीतच चार्जर असतो. आठवडी बाजारातला माणूस दोन तासांत घरी जातो, त्यामुळे तिथेही मागणी तुटपुंजी. आणि जिथे सेवाभावी मंडळी फुकट चार्जिंगचा मंडप लावतात, तिथे पैसे मागायला बसणं शहाणपणाचं नाही. पंढरीच्या वारीत हे नेहमी दिसतं. आपल्या यात्रेत असा मंडप असतो का, याची चौकशी आधीच करावी.

थोडक्यात, फक्त मोबाइल चार्जिंगचं बारमाही दुकान गोंदियात चालण्याची शक्यता कमी आहे. दोन मार्ग मात्र व्यवहार्य आहेत: चालू दुकानाला जोडलेली सेवा, आणि हंगामातला फिरता ठेला.

सामान काय लागतं?

मल्टिपोर्ट चार्जर: एकाच डबीतून सहा फोन चार्ज करणारे चार्जर मिळतात. घेताना प्रत्येक पोर्टला किती वॅट मिळतात ते पाहावं. '६० वॅट' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी ते सहा पोर्टमध्ये वाटलं जातं, म्हणजे प्रत्येकी १० वॅट. १० वॅटवर ५००० एमएएचचा फोन पूर्ण व्हायला अडीच-तीन तास लागतात, १८-२० वॅटवर दीड-दोन तास.

केबल: टाइप-सी सगळ्यात जास्त लागतात. साधे कीपॅड फोन आणि जुन्या अँड्रॉइडसाठी मायक्रो यूएसबी. आयफोन १४ आणि त्याआधीच्या आयफोनसाठी लाइटनिंग. आयफोन १५ पासून टाइप-सी आलं आहे. वीस केबल असतील तर १३ टाइप-सी, ५ मायक्रो आणि २ लाइटनिंग असा अंदाज धरता येईल.

साधे प्लग: ओप्पो, व्हिवो, रिअलमी, वनप्लससारख्या अनेक फोनचं जलद चार्जिंग त्यांच्याच अॅडॉप्टरवर पूर्ण वेगाने चालतं. काही जण स्वतःचा चार्जर घेऊन येतात. त्यांच्यासाठी पाच-सहा साधे सॉकेट ठेवावेत.

खणांचा रॅक: प्रत्येक फोनला वेगळा, क्रमांक टाकलेला खण. मागून हवा खेळती हवी, कारण चार्ज होताना फोन गरम होतो. बंद पेटीत, कापडाखाली किंवा एकावर एक फोन ठेवू नयेत.

सुरक्षेचं सामान: एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, नीट अर्थिंग, विजेचा दाब अचानक वाढल्यास बचाव करणारा सर्ज प्रोटेक्टर आणि २ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक. वीस फोन प्रत्येकी २० वॅट म्हणजे एकूण भार ४०० वॅटच होतो, पण बाजारातला हलका एक्स्टेंशन बोर्ड दिवसभर तापवण्यापेक्षा चांगल्या जाडीच्या तारेचं वायरिंग करून घ्यावं.

चार्जर आणि पॉवर बँकवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असणं बंधनकारक आहे. 'आर' अक्षराने सुरू होणारा हा क्रमांक वस्तूवर छापलेला असतो. तो नसेल तर वस्तू कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. पन्नास रुपये वाचवण्याच्या नादात दुसऱ्याचा पंधरा हजारांचा फोन खराब झाला, तर अख्ख्या हंगामाची कमाई भरपाईत जाईल.

वीज कुठून घ्यायची?

महावितरणची जोडणी: सगळ्यात स्वस्त आणि सोपी. यात्रेत आयोजकांनी तात्पुरती जोडणी घेतलेली असेल तर ठरावीक रक्कम देऊन तिथून वीज मिळते. आकडा टाकण्याचा विचारही करू नये. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार ती चोरी आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तीस पैशांच्या विजेसाठी ही जोखीम कोण घेईल?

बॅटरी आणि इन्व्हर्टर: १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची साधी ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. पण लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याहून खाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं. म्हणून वापरायचे ९००, त्यातून इन्व्हर्टरमधली घट वजा जाता हाती येतात साधारण ७५० वॅट-तास. म्हणजे ३० फोन पूर्ण. गिऱ्हाईक बहुधा २० टक्क्यांवर येतं आणि ८० टक्क्यांवर फोन घेऊन जातं. त्या हिशेबाने एका बॅटरीवर ५० फोन होतात. रात्री ती पुन्हा कुठे चार्ज करायची, हे आधी ठरवावं. ही बॅटरी चांगलीच जड असते, त्यामुळे गाडी लागणारच.

सौर पॅनल: स्वच्छ उन्हाच्या दिवशी १०० वॅटच्या पॅनलमधून घट वजा जाता साधारण ३०० वॅट-तास हाती येतात, म्हणजे १२ फोन पूर्ण. दिवसाला पन्नास गिऱ्हाइकं करायची तर किमान ३०० वॅटचं पॅनल हवं आणि सोबत बॅटरीही. पावसाळ्यात ढगाळ दिवशी हे उत्पादन निम्म्याहून खाली येऊ शकतं. फक्त सौरवर अवलंबून वर्षभराचा धंदा करता येणार नाही, पण कचारगडसारख्या फेब्रुवारीतल्या यात्रेला ऊन साथ देतं.

जनरेटर: छोटा पेट्रोल जनरेटर तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल पितो. आठ तासांचे ४०० रुपयांहून अधिक झाले. म्हणजे पहिल्या वीस फोनचे पैसे पेट्रोलमध्येच गेले. त्यात धूर, आवाज आणि जंगलात आगीची भीती. हा पर्याय शेवटचाच.

हिशेब: दोन मार्ग, दोन उत्तरं

खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावचे भाव टाकून ते पुन्हा मांडावेत.

पहिला मार्ग, चालू दुकानाला जोड: झेरॉक्स, मोबाइल रिपेअरिंग, पानठेला किंवा सेवा केंद्र आधीपासून आहे. सहा पोर्टचा चार्जर, आठ केबल, छोटा रॅक आणि आरसीसीबी मिळून ६,००० रुपये. दिवसाला ८ फोन, प्रत्येकी १० रुपये, महिन्याचे २६ दिवस: २,०८० रुपये. विजेचा खर्च शंभरच्या आत. तीन महिन्यांत पैसे वसूल. ही रक्कम मोठी नाही, पण फोन चार्ज होईपर्यंत थांबलेलं गिऱ्हाईक चहा घेतं, झेरॉक्स काढतं, केबल किंवा काच विकत घेतं. खरा फायदा तिथे आहे.

दुसरा मार्ग, हंगामी ठेला: बॅटरी-इन्व्हर्टर २२,०००, चार चार्जर ६,०००, केबल ३,०००, रॅक ४,०००, वायरिंग आणि आरसीसीबी २,५००, अग्निशामक १,५००, टेबल-पाटी-टोकन १,०००. एकूण ४०,००० रुपये.

एका हंगामात मंडईचे १५, नाटक-शंकरपटाचे ७, कचारगडचे ५ आणि महाशिवरात्रीचे ३, असे ३० दिवस धरू. वीस जागा, प्रत्येक फोनला दीड तास, आठ तासांचं काम: कागदावर शंभरहून अधिक फोन होतात. पण गर्दी सारखी नसते, म्हणून निम्मे म्हणजे ५० धरणं योग्य. ५० फोन गुणिले २० रुपये गुणिले ३० दिवस: ३०,००० रुपये. गाडीभाडं, जागेची पावती, जेवणखाण यांचे रोज ४०० प्रमाणे १२,००० वजा केले तर उरतात १८,००० रुपये.

म्हणजे ४०,००० वसूल व्हायला दोन हंगामांहून जास्त काळ लागतो. मात्र आयोजकांकडून वीज मिळाली, किंवा घरचाच इन्व्हर्टर वापरला, तर गुंतवणूक १८,००० वर येते आणि पहिल्याच हंगामात ती निघते. म्हणून बॅटरी पहिल्या वर्षी विकत घेऊ नये. आधी एक-दोन मंडईत कमी सामानावर अंदाज घ्यावा आणि मग ठरवावं.

कागदपत्रं आणि कर्ज

मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देण्याची गरज नाही. सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. यात्रेत जागेसाठी ग्रामपंचायत आणि आयोजन समितीची परवानगी घ्यावी. जंगल हद्द असेल तर वनविभागालाही विचारावं.

विजेच्या बाबतीत एक मुद्दा अनेकांना माहीत नसतो. घराच्या एका भागात छोटा धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट, तसंच वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागू राहण्याची तरतूद राज्याच्या वीज दर आदेशांत आहे. चालू आदेशातला नियम महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावा. स्वतंत्र दुकानाला मात्र व्यावसायिक जोडणीच हवी. अन्यथा कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

भांडवल कमी पडत असेल तर मुद्रा योजनेतल्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. शहरातल्या फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आहे. तिच्या पहिल्या टप्प्याची रक्कम २०२५ मध्ये १०,००० वरून १५,००० करण्यात आली. पण ६,००० रुपयांत सुरू होणाऱ्या जोडधंद्यासाठी कर्ज काढण्याआधी दोनदा विचार करावा.

फोन हरवला तर जबाबदार कोण?

पाटीवर "हरवल्यास आम्ही जबाबदार नाही" असं लिहिलं की सुटलो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. कोणी आपली वस्तू ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिली, तर १८७२ च्या करार कायद्यात त्याला 'निक्षेप' म्हणतात. कलम १५१ सांगतं की ताब्यात घेणाऱ्याने त्या वस्तूची काळजी एखादा सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तशीच घ्यायला हवी. ती काळजी घेतली असेल तर कलम १५२ दुकानदाराला संरक्षण देतं. म्हणजे खरा बचाव पाटी करत नाही, सवयी करतात:

- फोन घेताना टोकनचे दोन भाग करावेत, एक गिऱ्हाइकाला, एक फोनसोबत.
- वहीत वेळ, मॉडेल आणि बॅटरीची टक्केवारी लिहावी. काच फुटलेली असेल तर ती तिथेच दाखवून नोंदवावी.
- फोन लॉक किंवा बंद करूनच घ्यावा. पासवर्ड कधीही विचारू नये.
- परत देताना टोकन घ्यावं आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने लॉक उघडायला सांगावं.
- टोकन हरवलं तर घाई करू नये. फोन उघडून दाखवल्याशिवाय देऊ नये.
- रात्रीपर्यंत कोणी न्यायला आलं नाही तर फोन घरी न नेता यात्रेतल्या पोलीस मदत केंद्रात जमा करावा आणि पोच घ्यावी.

ठेला एकट्याने चालवू नये. जेवायला किंवा लघवीला गेलेल्या पाच मिनिटांतच चोरी होते. घरातला दुसरा माणूस सोबत हवाच.

डेटा चोरी आणि फुगलेली बॅटरी

यूएसबी केबलमध्ये वीज नेणाऱ्या आणि माहिती नेणाऱ्या तारा वेगळ्या असतात. सार्वजनिक पोर्टमधून फोनमधली माहिती चोरण्याच्या प्रकाराला 'ज्यूस जॅकिंग' म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेल्या जनजागृती पुस्तिकेत या धोक्याचा उल्लेख आहे. उपाय सोपा आहे: फक्त वीज नेणाऱ्या, माहितीची तार नसलेल्या केबल वापराव्यात आणि तसं पाटीवर लिहावं. गिऱ्हाइकाने स्वतःची केबल आणली तर उत्तमच. चार्जिंगला लावल्यावर फोनने "फाइल ट्रान्सफर करायचं का?" असं विचारलं, तर नेहमी 'नाही' निवडावं.

दुसरा धोका लिथियम बॅटरीचा. मागचं झाकण उचललेला, फुगलेला, पाण्यात पडलेला किंवा हाताला चटका देणारा फोन चार्जिंगला घेऊच नये. वीस रुपये गेले तरी चालतील. असा एक फोन पेटला तर शेजारचे एकोणीस फोनही जातील आणि जीवही धोक्यात येईल. ठेल्याजवळ गॅस शेगडी, पेट्रोल किंवा सुकलेला पालापाचोळा नको. वीज कडाडू लागली की मुख्य स्विच बंद करून फोन सुटे करावेत.

पॉवर बँक भाड्याने देणं कसं?

नाटक बघणारा माणूस फोन चार तास सोडून बसायला तयार नसतो. त्याला पॉवर बँक भाड्याने देता येते. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर ५००० एमएएचचा फोन एकदा पूर्ण चार्ज होऊन थोडी वीज उरते. दोनदा होत नाही, कारण व्होल्टेज बदलताना काही वीज उष्णतेत जाते. भाडं ३० ते ४० रुपये आणि अनामत वस्तूच्या किमतीएवढी. अनामत न घेता, ओळखीवर दिलेली पॉवर बँक परत न येण्याचा धोका असतो. आधार कार्ड ताब्यात ठेवणं टाळावं, रोख किंवा यूपीआयने घेतलेली अनामत बरी. आणि यूपीआयने पैसे घ्यायचे तर एक अडचण आधीच ओळखावी: ज्याचा फोन बंद पडलाय, तो क्यूआर कोड स्कॅन करणार कसा? म्हणून सुटे पैसे जवळ ठेवावेत, किंवा फोन सुरू झाल्यावर, परत नेताना पैसे घ्यावेत.

मग करायचा का हा धंदा?

घर चालेल एवढी कमाई यातून होईल, असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण हातात आधीच एखादं दुकान असेल, दिवाळी ते महाशिवरात्र मंडई-यात्रांना फिरण्याची तयारी असेल आणि घरातला एक माणूस सोबतीला असेल, तर कमी भांडवलात चार पैसे जोडणारा हा जोडधंदा आहे.

सुरुवात सहा पोर्ट आणि आठ केबलने करावी. पहिल्या मंडईत किती फोन आले, किती वाजता आले, कोणती केबल कमी पडली, हे वहीत लिहावं. पुढच्या वर्षी बॅटरी घ्यायची की नाही, याचं उत्तर त्या वहीतच मिळेल.